चैत्रातला कायापालट

पुण्यात होळी पेटली की बंगलेवाल्यांना बागेचा कायापालट करायची हुक्की येते. परदेशी मासिकांत वसंत हा लागवडीचा हंगाम, कारण तिथे बर्फ वितळतो. इथे वितळतं ते रस्त्यावरचं डांबर. पण मासिकात छापलंय म्हटल्यावर ज्येष्ठातल्या पावसाची वाट कोण बघणार?

मग लँडस्केपवाला येतो. त्याचा पहिला सल्ला नेहमी तोडण्याचाच. कढीपत्ता ‘थीममध्ये बसत नाही’, शेवग्यावर सुरवंट येतात आणि मोरीच्या पाण्यावर माजलेलं अळू तर पाहुण्यांना दाखवायच्या लायकीचंच नाही. त्या जागी मेक्सिकन लॉन, पांढरे गोटे, अरेका पाम आणि फायबरचा बुद्ध. बुद्धाच्या चेहऱ्यावरची शांती समजण्यासारखी आहे; टँकरचं बिल त्याच्या नावे येत नाही. कढीपत्ता आता ॲपवरून मागवतात, दहा मिनिटांत येतो.

जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनात भुलून आणलेल्या पिटुनियांनी एव्हाना माना टाकलेल्या असतात. थंडीचं रोप ते, त्याचा काय दोष! एप्रिलात पारा ४० ला टेकतो, लॉनला पाणी रोज हवं आणि नळाला येतं दिवसाआड.

कुंपणाबाहेरचा पांगारा मात्र कुणाचाही सल्ला न घेता लालभडक फुललेला असतो. त्याच्या फुलांचा कचरा नव्या लॉनवर पडतो, म्हणून फांद्या छाटायचा अर्ज महापालिकेत गेला आहे.