गिऱ्हाईक रात्री तीनला जागं असतं

मराठी घरात बाळ कसं वाढवावं याचा सल्ला विकत घ्यावा लागत नाही. तो न मागता येतो, आणि घेतला नाही तर रुसूनही बसतो. काकू टोपडं घट्ट बांधायला सांगते, मामी ते सोडायला. पाचवीपासून बारशापर्यंत बाळापेक्षा सल्ल्यांचंच वजन भराभर वाढतं. अशा घरात एखादीने ‘पालकांना आधार’ देण्याची फी सांगितली, तर पहिला फोन तिच्याच आईला जाईल.

लॉस एंजेलिसमध्ये मात्र हा धंदा चालतो. मॅग्डा गर्बर या मूळच्या हंगेरीच्या बाईंनी १९७८ साली तिथे एका सहकाऱ्याबरोबर ‘राय’ या नावाने ओळखली जाणारी संस्था सुरू केली. तिच्या वर्गात आईबापांनी जमिनीवर बसायचं, समोर खेळणाऱ्या बाळाकडे बघायचं आणि शक्यतो मध्ये पडायचं नाही. म्हणजे पैसे मोजून गप्प बसायचं! आपल्याकडच्या एखाद्या आत्याबाईंना दहा मिनिटं असं बसवून दाखवणाऱ्याला उलट आपणच पैसे द्यावेत.

गर्बरबाईंच्या हाताखाली तयार झालेल्या जेनेट लॅन्सबरी एकेकाळी अभिनेत्री होत्या. त्याही असेच वर्ग घेऊ लागल्या. पण वर्गाची एक पंचाईत असते: खोलीला भिंती असतात. रांगती बाळं आणि त्यांना न उचलण्याची शिकस्त करणारे बाप, अशी गर्दी एका सतरंजीवर किती मावणार?

पॉडकास्टला सतरंजी लागत नाही. लॅन्सबरींच्या ‘अनरफल्ड’चा साचा अगदी साधा आहे. कुणा पालकाचं पत्र वाचायचं आणि उत्तर द्यायचं. पोरगं चावतं, धाकट्या भावाला ढकलतं, दुकानात लोळण घेतं. पत्रातली आई रडकुंडीला आलेली असते, लॅन्सबरींचा आवाज मात्र जराही चढत नाही. इथे विकायचा माल म्हणजे शांतपणाच, आणि तो छापील पत्रकात कसा दाखवणार? तो ऐकूच यावा लागतो. ऐकणं फुकट असतं. पण ऐकून ऐकून ओळख झाली की माणसं पुस्तकं घेतात, अभ्यासक्रमाला नाव घालतात. लॅन्सबरींनी २०१४ साली आपली पुस्तकं स्वतःच काढली होती. प्रकाशकाच्या दारात ताटकळण्यापेक्षा हे बरं.

शिवाय या धंद्यातल्या गिऱ्हाइकाचे हात कायम अडकलेले असतात. एका हातात बाळ, दुसऱ्यात दुपटं. मोकळे असतात ते फक्त कान, आणि तेही भलत्या वेळी. रेडिओत मुरलेल्या हिलरी फ्रँक यांनी हे अचूक हेरलं. अवघड बाळंतपणातून गेल्यावर त्यांनी २०१० मध्ये ‘द लाँगेस्ट शॉर्टेस्ट टाइम’ हा पॉडकास्ट सुरू केला, तो पालकांची रात्री तीनची सोबत म्हणून. पुढे न्यूयॉर्कच्या डब्ल्यूएनवायसी या रेडिओ केंद्राने तो आपल्याकडे घेतला. रात्री तीनला कुठलं दुकान उघडं असतं?

अमेरिकेतल्या मराठी घरांत अशा सोबतीची वेळ साधारण सहा महिन्यांनी येते. बाळंतपणासाठी गेलेल्या आजीला एका खेपेत सहसा तेवढीच मुदत मिळते. आजी डिंकाचे लाडू संपवून परतते आणि तिच्या जागी हेडफोन येतो. त्याचा एक मोठा फायदा म्हणजे त्याला मध्येच थांबवता येतं.

ज्यांना स्वतःच असा उद्योग वाढवायचा आहे, त्यांचं रेकॉर्डिंग बऱ्याचदा कपड्यांच्या कपाटात होतं. साड्या आणि रजया आवाजाचा घुमारा शोषून घेतात, म्हणून फुकटचा स्टुडिओ. ‘मुलांना पुरेसा वेळ द्या’ हे वाक्य आत चालू असताना बाहेरून स्वतःचंच पोर दार बडवत असतं, ते वेगळं.

मग जाहिराती येतात. त्या बहुधा सूत्रसंचालकानेच वाचायच्या असतात, त्याच आश्वासक सुरात. जाहिरातदार आकडा विचारतो आणि तिथे एक गंमत आहे. पॉडकास्टच्या रूढ मोजणीत साधारण एका मिनिटाइतका ऑडिओ उतरला की ते एक डाउनलोड धरलं जातं. दुसऱ्याच मिनिटाला आई घोरायला लागली, तरी हिशेबात ती साबणाची अख्खी जाहिरात ऐकायला हजर असते.