जावईबापूंच्या लॅपटॉपला ताप

“ऐकलंस का गं? मागच्या आळीतल्या जावईबापूंचा लॅपटॉप परवा मीटिंग चालू असतानाच बसला!”

जास्वंदीच्या कुंपणातून आधी काकूंचा आवाज आला, मग मोड आलेल्या वालांची परात आणि सगळ्यात शेवटी काकू. एप्रिलातली दहिवली. चार वाजून गेले तरी अंगणातल्या फरशीवर अनवाणी पाय टेकवत नव्हता. पण बातमी ताजी असली की काकूंना ऊन लागत नाही.

“बसला म्हणजे? हातातून पडला?”

“पडतोय कशाला? तापून बंद पडला. आधी त्याचा पंखा असा काही घोंगावायला लागला की सासूबाई मिक्सर बघायला स्वयंपाकघरात धावल्या. आणि हे आठवडाभर कोणाला शिव्या घालत होते? इंटरनेटवाल्याला! तो बिचारा दोनदा येऊन वायर बदलून गेला.”

जावई आठवड्यातले काही दिवस कर्जत लोकल पकडतात, उरलेले दिवस सासरी बसून काम करतात. बसतात कुठे, हेही काकूंना ठाऊक. कापसाच्या गादीवर, मांडीवर उशी आणि उशीवर लॅपटॉप.

“माझा भाचा खोपोलीला दुरुस्त्या करतो ना, तो सांगत होता. याचं नाक पोटाखाली असतं. खालच्या भोकांतून हवा आत ओढायची, तापली की मागून नाहीतर बाजूने बाहेर टाकायची. उशीवर ठेवलं की नाकच दाबलं. मग आतली चिप शंभर अंशांच्या आसपास गेली की स्वतःच हळू चालायला लागते, जळू नये म्हणून. तरी भागलं नाही तर सगळंच बंद.”

“म्हणजे नेट नव्हतं हळू, लॅपटॉपच हळू होता.”

“तेच तर! पण ऐकून घेतील तर जावई कसले? सासऱ्यांनी लगेच कूलिंग पॅड मागवला. पाच पंखे, निळे दिवे, किंमत विचारू नकोस. खाली पॅड लावला, तरी आपलं घोंगावणं चालूच.”

यात नवल काहीच नव्हतं. पंखा हवा गार करत नाही, नुसती हलवतो. स्लॅबखालच्या खोलीत दुपारी चाळीस अंश असतील तर पाच काय, पन्नास पंखे लावले तरी लॅपटॉपला मिळणार ती चाळिशीचीच हवा. तीही नाकाजवळ पोहोचली तर. यांच्या लॅपटॉपची भोकं मागच्या कडेला आणि पॅडचे पंखे मधोमध, म्हणजे वारा सगळा बंद पत्र्यावर आपटणार.

इतक्यात ओटीवरून काका बोलले. रेल्वेतून निवृत्त झाले, पण गाडीचा विषय कुठूनही काढतात. “कर्जतला पुण्याच्या गाडीला बँकर लावतात तो कशाला? सदतीस फुटांत एक फूट चढ आहे घाटात. मागचं इंजिन पुढच्याच दिशेला रेटतं म्हणून गाडी चढते. काही पॅड हवा वर फेकतात, काही खाली ओढतात. लॅपटॉप वर ओढतोय आणि पॅड खाली, तर गाडी चढेल का?”

“झालं का तुमचं?” काकू म्हणाल्या, पण मान डोलावली.

पुढची गंमत वेगळीच. सासऱ्यांचं म्हणणं, थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवू. भाच्याने फोनवरच हात जोडले. गार झालेली वस्तू आपल्या या दमट हवेत बाहेर काढली की आतून पाणी सुटतं आणि मग दुरुस्तीलाही काही उरत नाही. “मी म्हटलं, मग खालापूरला इमॅजिकाच्या बर्फात नेऊन बसवा, जावयांसकट!”

शेवटी भाच्याने लॅपटॉप उघडला. पंख्यासमोरच्या बारीक पत्र्यांत धुळीचा हा एवढा थर! एका बाजूला वीटभट्टी, दुसऱ्या बाजूला भाताची गिरणी, आणि खिडकी सताड उघडी. तूस आणि विटकरीचा भुगा मिळून घट्ट बसलेले. पंख्याचं पातं बोटाने धरून त्याने मऊ ब्रशने सगळं झाडलं. चिपवरचा वाळून खडखडीत झालेला लेप खरवडून नवा लावला. सासूबाईंनी तोवर पापड भाजायची जाळी धुऊन पुसून टेबलावर मांडून ठेवलेली. तिच्यावर लॅपटॉप ठेवला, मागे चार बोटं उचलून. घोंगावणं निम्म्यावर!

“जाळीवर?”

“आता साधा घडीचा स्टँड आणलाय गं, पापड थांबलेत ना तिकडे. पण उंच स्टँड घेतलास तर कीबोर्ड वेगळा घे हो, नाहीतर खांदे धरतात. जावई कालपासून मान तिरकी करून फिरतायत.”

मी विचारलं, मग पॅडचं काय? दिवे गेले की तो लॅपटॉपचीच बॅटरी खातो, आणि दिवे तर रोजचेच जातात. खोपोलीला 1915 पासून वीज तयार होते, भिवपुरीला 1922 पासून. दोन्ही हाकेच्या अंतरावर, आणि आपण मेणबत्त्या शोधतोय. यावर काकूंचं एक स्वतंत्र व्याख्यान आहे. ते वाल सोलून होईपर्यंत चाललं.

“हां, तर पॅड,” परात उचलत त्या म्हणाल्या. “विकायचाय त्यांना. भाच्यासाठी मी अर्ध्या किमतीला ठरवलाय, गिऱ्हाइकाचा लॅपटॉप उघडून बसला की वारा लागतो त्याला. तुला विचारायला आले तर महाग आहे म्हण. पाव कमीत देतील.”