श्रीमंत शॉकअपराव यांस खुले पत्र

श्रीमंत शॉकअपराव,
मुक्काम पुढचे चाक, हायब्रिड सायकल, पुणे.

सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, आपल्याला सेवेतून मुक्त करण्याचे ठरले आहे. निरोप समारंभ ठेवलेला नाही. पण आपल्या कार्याचा गौरव चारचौघांत व्हावा, म्हणून हे पत्र उघडेच पाठवतो आहे.

दुकानात आपण काय दिसत होता! काळे तकतकीत पाय, त्यावर कंपनीचे नाव, डोक्यावर निळी कळ. विक्रेत्याने पुढचा ब्रेक दाबला, दोन्ही हातांनी हँडलवर भार टाकला आणि आपण ६३ मिलीमीटर, म्हणजे चांगले अडीच इंच, खाली जाऊन अदबीने वर आलात. ‘‘बघा सर, शॉकअप आहे. कंबरेला धक्काच नाही!’’ जागच्या जागी उभ्या सायकलला दोन हातांनी दाबत प्रवास करणाऱ्यांसाठी आपल्यासारखा सोबती नाही, हे मी कुठेही लिहून द्यायला तयार आहे.

एक बारीक शंका मात्र राहून गेली. आपण पुढे आणि माझी कंबर मागे. हायब्रिडवर बसलेल्या माणसाचे साधारण साठ टक्के वजन मागच्या चाकावर पडते. गतिरोधकावर आपण पुढच्या चाकाचे स्वागत करून मोकळे होता. मागच्या चाकाचा ठोसा माझा मी खातो. कंबरेच्या नावावर आपली विक्री झाली आणि कंबरेशी आपली कधी साधी ओळखही झाली नाही!

आपले वजन दोन किलोहून जास्त. पुढचे चाक धरणाऱ्या साध्या, न हलणाऱ्या चिमट्याचे किलोभरात भागते. सपाट रस्त्यावर हा फरक कुणाला कळायचा नाही, पण बोपदेव घाटाला तो नेमका कळतो. चढावर सीटवरून उठून पायडल मारावे, तर आपण प्रत्येक दाबाला कुर्निसात करता. मी जोर लावतो पुढे जाण्यासाठी. त्यातला काही वाटा आपण स्प्रिंग दाबण्यात आणि नळ्या घासण्यात खर्च करता. त्यावर कंपनीने उपाय दिला आहे, ती निळी कळ. ती फिरवली की आपण जवळजवळ हलायचे थांबता. आपली सर्वांत मोठी सोय ही, की आपल्याला बंद करण्याची सोय आहे. पैसे मोजून, वजन वाहून, मग बंद करून चालवायची अशी वस्तू घरात दुसरी नाही.

दुसऱ्या पायावर अधिक-उणे लिहिलेली आणखी एक कळ आहे. ‘वजनाप्रमाणे ॲडजस्ट करा.’ तिने स्प्रिंग आधीपासून किती दाबून ठेवायची एवढेच ठरते. स्प्रिंगचा मूळ कडकपणा तसूभर बदलत नाही. पन्नास किलोची मुलगी आणि नव्वद किलोचे काका या दोघांसाठी आत एकच स्प्रिंग. समता म्हणतात ती हीच.

आता बारीक खडबडीविषयी. सायकलवाल्याला थकवतात ते रोजचे मोठे खड्डे नव्हेत. ते दिसतात, चुकवता येतात. थकवते ती उखडलेल्या डांबराची अखंड थरथर. स्वस्त घडणीत आपल्या नळ्यांचे आतले घर्षणच इतके, की एवढ्याशा थरथरीला आपण जागचे हलत नाही. दोन पावसाळ्यांचे पाणी आत मुरले, गंज चढला, की मोठ्या खड्ड्यालाही हलत नाही. तेव्हा आपण दोन किलोंचे न हलणारे चिमटे होता.

मग इतकी वर्षे जो काही आराम मिळाला तो कुणी दिला? टायरमधल्या हवेने. आचाऱ्याने चुलीपुढे घाम गाळावा आणि वाढप्याने मिशीला पीळ देत शाबासकी घ्यावी, तसा हा प्रकार. जॉन बॉइड डनलॉप हा बेलफास्टमधला गुरांचा डॉक्टर. मुलाची तीनचाकी दगडी रस्त्यावर फार आदळते म्हणून त्याने रबराच्या नळीत हवा भरली आणि १८८८ मध्ये पेटंट घेतले. त्या हवेला सरकत्या नळ्या लागत नाहीत, वंगण लागत नाही, निळी कळ लागत नाही, आणि ती पुढच्या-मागच्या दोन्ही चाकांत असते.

फक्त ती मोजून भरावी लागते. आमच्याकडे कॉम्प्रेसर लावून टायर दगड होईपर्यंत हवा मारतात, अंगठ्याने दाबून बघतात आणि ‘टाइट केलीय’ म्हणून वर समाधानही देतात. टायरच्या कडेवर लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा असते, शिफारस नव्हे. पंचाहत्तर किलोच्या माणसाला ४२ मिलीमीटरच्या टायरमध्ये पुढे ३५ आणि मागे ५० पीएसआयच्या आसपास सुरुवात करून पाहता येते. फ्रँक बर्टो या सायकल-अभ्यासकाचा ठोकताळा सोपा आहे : माणूस बसल्यावर टायरची उंची सुमारे पंधरा टक्के दबावी. त्याहून फार कमी हवा असेल तर खड्ड्यात ट्यूब रिमखाली चिरडते. फार जास्त असेल तर चाक उसळत राहते.

आपण म्हणाल, आमच्या घराण्याचा इतिहास विसरलात! मुळीच नाही. आपल्या कुळात १९८९ साली रॉकशॉक्स कंपनीचा आरएस-१ झाला. हवा आणि तेलावर चालणारा. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या डुरँगोच्या पहिल्या अधिकृत माउंटन बाइक विश्वस्पर्धेत त्याने नाव काढले. पॅरिस-रूबे शर्यतीच्या दगडी वाटांवर सायकलपटू जिल्बेर द्युक्लो-लासालने १९९२ आणि १९९३ मध्ये सस्पेन्शन लावूनच बाजी मारली. पण त्याच शर्यतीत आज काय दिसते? न हलणारे चिमटे आणि तीस मिलीमीटर किंवा त्याहून रुंद टायर. दगडांवर ज्यांची रोजीरोटी अवलंबून आहे, त्यांनी हवेला कौल दिला. सह्याद्रीच्या पायवाटांवर उतरणाऱ्या माउंटन बाइकला आपले थोर चुलते आजही शोभतात. आपण फक्त त्यांचे आडनाव लावता.

आपले साथीदारही सोडलेले नाहीत. जाड जेलची सीट! अंगठा सहज रुततो, म्हणून दुकानात प्रिय. तासाभराने बैठकीची दोन हाडे तिच्यात रुतून बसतात आणि मधला जेल वर येऊन नको त्या जागी दाब देतो. पुठ्ठ्यावर बसून उठलेल्या खुणांमधले अंतर मोजायचे आणि त्याहून जराशी रुंद, घट्ट सीट घ्यायची, एवढेच काम होते. करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर होते, त्यावरचा उपाय म्हणूनही आपल्यालाच खपवले गेले. तिथे तळव्याखालची शीर दबते. तिला हवी असते पंख्यासारखी पसरट ग्रिप आणि थोडे वर किंवा जवळ आणलेले हँडल.

सायकल सुधारताना आपला क्रमांक शेवटी लागला, त्याबद्दल दिलगिरी नाही. हवा आधी उतरवली, कारण ती फुकट होती. सीटची उंची नंतर बदलली, तीही फुकट : टाच पायडलवर ठेवून पाय सरळ व्हावा, मग चवड्याने पायडल मारताना गुडघ्याला योग्य वाक राहतो. मग फ्रेम आणि मडगार्डमध्ये जागा मोजून ३५ ऐवजी ४२ चे टायर घेतले. बाभळीच्या काट्यासाठी आत संरक्षक पट्टी असलेले, म्हणून थोडे जड. घाटासाठी, गिअर बदलणारा डीरेलर पेलेल अशी, मागच्या दातेरी चक्रांची ३४ दातांपर्यंतची कॅसेट. या सगळ्यानंतर उरलात आपण.

आपल्या जागी येणारा चिमटा निवडताना मात्र आपला मान राखला आहे. आपण उंच, म्हणून तोही तितक्याच उंचीचा पाहिला. दोनेक सेंटीमीटर बुटका घेतला असता तर सायकलचे नाक खाली गेले असते आणि हँडल सव्वाशहाण्यासारखे वळू लागले असते. सव्वा इंचाहून किंचित बारीक दांडा, ब्रेकची बैठक, मडगार्डची भोके, सगळे जुळवून घेतले. तो काहीही करत नाही. आपणही करत नव्हता. पण काहीही न करण्यासाठी तो किलोभर कमी वजन घेतो आणि घाटात कुर्निसात करत नाही.

नव्या नोकरीची काळजी नसावी. सोसायटीच्या पार्किंगमध्ये, कव्हराखाली वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या सायकली पुष्कळ आहेत. तिथे खड्डा नाही, घाट नाही, पाऊस नाही. येता-जाता हँडल दाबून ‘‘अरे वा, शॉकअप आहे!’’ म्हणणारे मात्र रोज भेटतील. आपण त्याच कामासाठी जन्माला आला आहात. शिफारसपत्र सोबत जोडले आहे, असे समजावे.

कळावे. लोभ होता तेवढा पुरे.

आपला माजी मालवाहक,
एक हायब्रिडवाला