पाचवा निकष आणि पाचची एस्टी

आमच्या वेंगुर्ल्याकडच्या एका महाविद्यालयात (नाव घेत नाही, गावात राहायचं आहे) नुकतंच 'मनःस्वास्थ्य कक्षा'चं उद्घाटन झालं. प्रमुख पाहुणे दोन तास उशिरा आले. तोवर उन्हात उभ्या असलेल्या मुलांपैकी दोघींना चक्कर आली. त्यांना कक्षात आडवं करता आलं असतं, पण फीत कापायची बाकी होती.

कक्षाची गरज अचानक पडली असं कोणी समजू नये. सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये सांगितलं, की शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा. तरी तेवढ्यानं आमच्याकडे पान हललं नसतं. न्यायालय दिल्लीत. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणारी नॅक मात्र थेट फाईल मागते. नॅकच्या सात निकषांपैकी पाचवा 'विद्यार्थी साहाय्य आणि प्रगती', आणि आमची फाईल नेमकी पाचव्यालाच बारीक भरत होती. तिला बाळसं यावं म्हणून हा कक्ष.

जागा म्हणजे जिन्याखालची खोली. आधी तिथं एनएसएसची घमेली, फावडी आणि तीन वर्षांपूर्वीचं गणपतीचं मखर असे. आकाशी रंगानं मन शांत होतं असं कोणीतरी सांगितलं, म्हणून भिंतींना आकाशी रंग दिला. मखर हलवायला दुसरी जागा नव्हती, तेव्हा त्यालाही तोच दिला. दारावर पाटी लागली : 'मोकळेपणाने बोला. वेळ सायं. ५ ते ६.' पाटीखाली सूचनापेटी. तिला कुलूप. किल्ली भाऊसाहेबांकडे, आणि भाऊसाहेब मार्चअखेरीस निवृत्त.

आता समुपदेशक. 'किमान एक' हे शब्द प्राचार्यांनी मनावर घेतले आणि किमान मोबदल्यात एक माणूस शोधला, तासिका तत्त्वावरचे भूगोलाचे सर. सरांनी दोन दिवसांची ऑनलाइन कार्यशाळा केलेली होती आणि तिचं रंगीत प्रमाणपत्र होतं, म्हणजे 'प्रशिक्षित' ही अटही सुटली. शिवाय विषय भूगोल. कमी दाब, जास्त दाब, वादळ कुठं तयार होतं, हे त्यांना कळणारच, असं प्राचार्य म्हणाले. विनोद म्हणून म्हणाले असते तर मी हसलोही असतो.

तासिका तत्त्व म्हणजे काय, ते बाहेरच्यांसाठी सांगतो. जेवढे तास, तेवढे पैसे. रविवारी तास नाही, दिवाळीत नाही, मे महिन्यात तर नाहीच. सर मे महिन्यात मेव्हण्याच्या बागेत आंब्याच्या पेट्या भरतात. आंबा मोजून घेतात, तासही मोजून घेतात, पण पेटीचे पैसे त्याच संध्याकाळी मिळतात, एवढाच फरक. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात काजूच्या प्रत्येक नव्या वाणाला रीतसर क्रमांक मिळतो : वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७. सर नऊ वर्षं शिकवताहेत, त्यांच्या नेमणूकपत्रावर अजून जावक क्रमांकसुद्धा पडलेला नाही.

महाविद्यालयाच्या वार्तापत्रात 'प्राध्यापक वृत्त' असं एक पान असतं. गेले काही अंक मी ते बारकाईनं वाचतोय. त्यात 'निवृत्त झाले' हे एकच क्रियापद सापडतं. 'रुजू झाले' बहुधा भाषेतून गेलं. एक कायम प्राध्यापक जातात, शाल-श्रीफळ होतं (श्रीफळ त्यांच्याच परसातलं), आणि त्यांच्या खुर्चीसोबत त्यांच्या सगळ्या समित्या भूगोलाच्या सरांकडे येतात. आज सर समुपदेशक आहेत, एनएसएस बघतात, रॅगिंगविरोधी समितीत आहेत, रोजगार मार्गदर्शनाचे निमंत्रक आहेत. स्वतःला कायम रोजगार मिळालेला नसताना इतरांना मार्गदर्शन करायला मोठी निष्ठा लागते. आमच्या दशावतारात मघाचा राजा आत जाऊन राक्षस होऊन येतो, पण त्याला निदान तोंड रंगवण्यापुरता वेळ देतात. सर तासाच्या घंटेवर सोंग बदलतात.

तरी सरांना मी एकदा धीर दिला. म्हटलं, शिरोडं याच तालुक्यातलं. वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ तिथं मास्तर होते. फर्ग्युसन अर्ध्यावर सोडलेलं. आज मुलाखतीला आले असते तर पदवी नाही, नेट नाही, सेट नाही म्हणून त्यांना तासिका तत्त्वावरही कोणी उभं केलं नसतं. 'ज्ञानपीठ' म्हटल्यावर 'हे नियतकालिक मान्य यादीत आहे का?' असं विचारलं असतं. सर म्हणाले, "म्हणजे माझी पात्रता खांडेकरांपेक्षा जास्त?" कागदावर आहे. त्यावर सर जे गप्प झाले, ते बघून मला वाटलं, यांना आता आकाशी खोलीत न्यावं. पण तिथं बसणार कोण?

हे मनःस्वास्थ्य वगैरे नवीन. २०१७ साली आमच्या मुंबई विद्यापीठानं उत्तरपत्रिका संगणकावर तपासायला घेतल्या आणि निकाल महिनोन्‌महिने लटकले. शेवटी ऑक्टोबरात राज्यपालांनी कुलगुरूंनाच पदावरून दूर केलं. पाचेकशे किलोमीटरवर तो गोंधळ चालला असताना इथल्या पोरांची झोप उडाली होती, पण त्याला 'ताणतणाव' म्हणतात हे कोणाला ठाऊक नव्हतं. आया म्हणायच्या, "निकालाचा लागलाहा तेका." लिंबूमिरची उतरून टाकायच्या.

तर कक्षाची वेळ ५ ते ६. किनाऱ्याकडची एस्टी पाचला सुटते आणि त्यानंतर थेट साडेसातला. आमची निम्मी मुलं त्या पाचच्या गाडीनं जातात. गाडी अधूनमधून उशिरा सुटली असती तर काही मुलं मोकळेपणानं बोलू शकली असती, पण ती नेमकी वेळेवर सुटते. त्यामुळे पहिल्या महिन्यात कक्षाच्या वहीत एकच नोंद पडली, सरांची, 'उपस्थित' अशी. प्राचार्यांनी त्यावर शेरा मारला : 'विद्यार्थी तणावमुक्त. उत्तम.'

खरी केस आली ती दुपारी, वर्गाबाहेर. दुसऱ्या वर्षाची मुलगी, रडून डोळे लाल. सरांना वाटलं, आता कार्यशाळेतलं आठवायला हवं. त्यांनी खुर्ची पुढं केली, आवाज खाली आणला आणि विचारलं, "मन कशानं अस्वस्थ आहे?"

"सर, ओटीपीन."

शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा, तर आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी येतो. मोबाईल बापाचा. बाप बोटीवर, निवतीच्या खडकांवरचं दीपगृह ओलांडून पुढं गेलेला. तिथं मासळी मिळते, रेंज मिळत नाही. ओटीपी दहा मिनिटांत मरतो, बोट दोन दिवसांनी येते.

"मगे परवा भर," सर म्हणाले.

"परवा मुदत संपतली."

बघा हं, शासनानं किती जुळवून आणलंय. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. त्या दोन महिन्यांत बाप घरी, मोबाईल घरी, रेंजही बरी, फक्त मुलीचा प्रवेश पक्का नसतो. प्रवेश होतो, उत्पन्नाचा दाखला हातात पडतो, अर्जाची खिडकी उघडते, तोवर नारळ सोडून बोटी पाण्यात. मच्छीमाराच्या पोरीनं शिकायचं ठरवलं तर तिनं आधी बापाला शेतकरी करावं.

सरांनी मग समुपदेशन सोडलं आणि काम सुरू केलं. पाचच्या गाडीआधी स्टँडवरच्या बाकावर बसून आपल्या मोबाईलवर तिचा अर्ज उघडला. दाखल्याचा फोटो फार जड होता, तो हलका केला. आडनावात एक काना जास्त पडला होता, तो काढला. तेवढ्यात कँटीनच्या काकी बाजाराच्या पिशव्या घेऊन आल्या. त्यांचा भाचा बंदरावर बर्फ भरतो. त्यांनी त्याला फोन लावला, वायरलेसवर कोणाला तरी गाठून निरोप पोचव म्हणून. सर सात वेळा 'ओटीपी पाठवा' दाबून बसले. गाडी लागली. मुलगी खिडकीतून अजून विचारतेय, "इलो काय, सर?"

या सगळ्याचा फोटो सरांनी काढला होता. पाचव्या निकषाला पुरावा लागतो, तोही ठिकाणाचा ठसा उमटलेला. दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी तो परत पाठवला, कारण फोटोखाली बसस्थानक उमटलं होतं. विद्यार्थी साहाय्य आवारात झालं पाहिजे. म्हणून दुसऱ्या कोणा मुलीला मखरासमोर बसवून नवा फोटो काढला. तो छान आलाय, भिंतीचा आणि मखराचा रंग एक झाल्यामुळे खोली मोठी वाटते.

पोर्टलची मुदत नेहमीप्रमाणे शेवटच्या रात्री वाढली. बोट परतीला लागली, किनारा दिसायला लागला तशी बापाच्या मोबाईलला रेंज आली आणि खिशात सात वेळा टुंग टुंग झालं. त्यानं आधी बोटीवरच्या सगळ्यांना मोबाईल दाखवला, मग घरी फोन लावला.

"अगे, सात नंबर इलेहत. खयचो लागलो?"