घंटी भारीतली, ब्रेक रामभरोसे

आपल्याकडे सायकलवरचा खर्च नजरेच्या उंचीप्रमाणे ठरतो. हँडलवरची घंटी आणि मोबाइलचा होल्डर नामांकित कंपनीचे, ब्रेकचे रबर मात्र दुकानदार डब्यातून काढून देईल ते. हिशेब नेमका उलटा हवा. घंटी बिघडली तर माणूस तोंडाने ओरडतो, आणि पुण्यात तर तेच जास्त परिणामकारक ठरतं. पण कात्रजच्या उतारावर ब्रेकची वायर तुटली तर ओरडून सायकल थांबत नाही. ताशी 15 किलोमीटरचा वेग 30 झाला की गतिज ऊर्जा चौपट होते, आणि ती जिरवायची असते त्याच बोटभर रबरांनी.

‘कंपन्या नावाचेच पैसे घेतात’ हा आक्षेप खोटा नाही. मडगार्ड, स्टँड, कॅरिअर यांच्याबाबत तो खराच आहे. तिथे खुशाल घासाघीस करावी. चेनचं तसं नाही. तिच्या दोन पिनांमधलं अंतर नवेपणी 12.7 मिलिमीटर असतं. पिना झिजून ते वाढलं की चेन फ्रीव्हीलचे दात खाऊ लागते. म्हणजे हलकी चेन लवकर जाते आणि जाताना फ्रीव्हीललाही सोबत नेते. उरला नकली मालाचा प्रश्न. खोक्यावर नाव छापायला छापखाना पुरतो, हे मान्य. त्यावर उपाय खात्रीचा दुकानदार आणि पावती हा आहे. शिमानोसारख्या कंपनीच्या नकली ब्रेकच्या धास्तीने बिननावी ब्रेक घेणं म्हणजे भेसळीच्या भीतीने दुधाऐवजी चुन्याचं पाणी पिणं. सीट-कव्हर मात्र स्वस्तातलंच घ्यावं. भारीतलं तसंही स्टेशनबाहेरून चोरीला जातं.