दुर्गाबाईंचा वेडेपणा

काही घरांत एक आत्या असते. लग्न न केलेली, स्वतःच्या कमाईवर जगणारी, पुस्तकांत बुडालेली. तिचं मत ऐकायची घरातल्या कर्त्यांना धास्ती वाटते आणि पोरांना तिच्याशिवाय करमत नाही. व्यवहार कळत नाही, असं तिच्याबद्दल मागे बोललं जातं. दुर्गा भागवत मराठी वाचकांच्या अशाच आत्या होत्या. व्यवहाराच्या तराजूत घातलं तर त्यांचं अख्खं आयुष्य वेडेपणा ठरेल. त्या वेडेपणाची मला मनापासून स्तुती करायची आहे.

पहिला वेडेपणा तरुणपणातला. शिकायचं वय, घरात विद्येची परंपरा, आणि बाईंनी गांधीजींच्या चळवळीपायी शिक्षण मध्येच थांबवलं. पुढे एम.ए. झाल्या, पीएच.डी.साठी मध्य प्रदेशात आदिवासींमध्ये जाऊन राहिल्या. पुस्तकांवरून प्रबंध उरकता आला असता. त्या मात्र त्या लोकांत गेल्या, त्यांचंच अन्न खाल्लं, आणि सुरणाची विषबाधा होऊन काही वर्षं अंथरुणाला खिळल्या. प्रबंध राहिला तो राहिलाच. पीएच.डी.ची पदवी नाही. पण लोकसाहित्यावर, धर्मावर, निसर्गावर त्यांनी जे लिहिलं, ते पदवीवाल्यांनाही आधाराला घ्यावं लागतं.

दुसरा वेडेपणा बघण्याचा. चैत्रात पिंपळाला तांबूस पालवी फुटते, ती आपण बघतो आणि बस गाठायला पुढे जातो. दुर्गाबाई थांबत. पान तांबूस असताना कसं दिसतं, हिरवं होताना कसं, त्यावर ऊन पडलं की काय होतं, हे बघत राहत. त्यातून 1956 साली ‘ऋतुचक्र’ आलं, चैत्रापासून फाल्गुनापर्यंत बारा महिन्यांचं. रानावनातलीच नव्हे, शहरातली झाडं, पाखरं, ढगांचे रंगसुद्धा मराठीत इतक्या जवळून कुणी लिहिले असतील असं मला वाटत नाही. ज्या हाताने हे लिहिलं त्याच हाताने ‘व्यासपर्व’मध्ये महाभारतातली माणसं उभी केली, आणि त्याच हाताने ‘खमंग’ हे पाककृतींचं पुस्तकही लिहिलं. विदुषीने फोडणीवर लिहावं का, असला प्रश्न त्यांना पडला नाही. सुगरणपणा हीही विद्याच आहे असं त्या मानत, आणि ते बरोबरच आहे.

आता तिसरा, सगळ्यात मोठा. डिसेंबर 1975. देशात आणीबाणी, वृत्तपत्रांवर सेन्सॉर, पुढारी तुरुंगात. कऱ्हाडला साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष दुर्गाबाई, स्वागताध्यक्ष केंद्रात परराष्ट्रमंत्री असलेले यशवंतराव चव्हाण. अशा वेळी साहित्याच्या चार गोड गोष्टी बोलून, हार घेऊन परत यायचं, हा शहाण्यांचा रिवाज. सरकारविरोधी आंदोलनाचे नेते जयप्रकाश नारायण तेव्हा अटकेतून सुटून मुंबईत जसलोक रुग्णालयात आजारी होते, मूत्रपिंडं निकामी झालेली. दुर्गाबाईंनी त्यांचं नाव घेतलं आणि त्यांना बरं वाटावं म्हणून सगळ्यांना प्रार्थना करायला सांगितलं. व्यासपीठावर सरकारचा मंत्री, आणि पुढ्यात सरकारने कैदेत टाकलेल्या माणसासाठी प्रार्थना करणारा मंडप. त्या घटकेला मराठी साहित्याची जी शान राहिली, ती या बाईमुळे राहिली, असं मी बिनदिक्कत म्हणेन.

किंमत मोजावी लागलीच. 1976 मध्ये त्यांना अटक झाली, तीही मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात. टाउन हॉलच्या त्या उंच पायऱ्या चढून वर्षानुवर्षं जिथे त्या वाचायला बसत, तिथून. वय सहासष्ट. थोरोचं ‘वॉल्डन’ त्यांनीच मराठीत आणलं होतं. अन्यायी सरकारला कर द्यायचा नाही म्हणून तुरुंगात गेलेल्या त्या माणसाचं पुस्तक अनुवादून झाल्यावर पुन्हा शहाणं होणं त्यांना जमलं नसावं. सुटल्यावर गप्प बसल्या असत्या तरी कुणी बोल लावला नसता. 1977 च्या निवडणुकीत त्या सभांमधून बोलल्या. पुढे पद्मश्री नाकारली, ज्ञानपीठही नाकारलं. ‘पैस’ला 1971 चं साहित्य अकादमी पारितोषिक मिळालं होतं, तेव्हा मानसन्मानाचं वावडं होतं असंही नाही. सत्तेची सावली नको, एवढंच.

त्यांची सगळी मतं मला पटतात असं नाही. काही माणसांबद्दल त्या फार कठोर बोलल्या, आणि काही वेळा चुकीचंही. पण मत विकायला काढलेलं नव्हतं, उधार घेतलेलं नव्हतं, आणि समोर कोण बसलंय ते बघून बदलतही नव्हतं. बहीण कमला सोहोनी हीसुद्धा त्याच मातीची. बंगळुरूच्या विज्ञानसंस्थेत सी. व्ही. रामन मुलीला प्रवेश देईनात, तर ती अडून बसली, प्रवेश मिळवला आणि पुढे केंब्रिजची पीएच.डी. घेऊन आली.

7 मे 2002 रोजी दुर्गाबाई गेल्या, ब्याण्णवाव्या वर्षी. शाळा-कॉलेजांतून त्यांचा एखादा ललितलेख वाचून मुलं पुढे जातात आणि कऱ्हाडची गोष्ट त्यांना कुणी सांगत नाही. ती सांगा. आणि ‘ऋतुचक्र’ घरात नसेल तर आणा. ज्या महिन्यात हाती येईल त्याच महिन्याच्या प्रकरणापासून वाचायला घ्या.