लांबून बघ!

आमच्या मावशीचा नवा ड्रेस बघायचा तर दहा पावलं मागं जावं लागतं. तिचा हॉल आठ पावलांचा. उरलेली दोन जिन्यात.

जवळून बघाल तर नुसते हिरवे-जांभळे फराटे. आजीनं पहिल्याच दिवशी विचारलं, "अगं, रंगपंचमी खेळून आलीस का?" मावशीनं एक शब्द न बोलता आजीची व्हीलचेअर दारापर्यंत मागं ओढली. "हं, आता बघ. लांबून बघ!"

बँकेतून निवृत्त होऊन मावशी पॅरिसला जाऊन आली, तेव्हापासून क्लोद मोनेला ती अरे-तुरे करते. तिथल्या ऑरांजरी संग्रहालयात दोन लंबगोल दालनांच्या भिंती त्याच्या वॉटरलिलींच्या आठ अवाढव्य चित्रांनी भरल्या आहेत. सहलीतली बाकीची मंडळी परफ्यूमच्या मागं लागली होती, तेव्हा ही तिथल्या बाकावर बसून राहिली. बस हिच्यासाठी थांबली म्हणे. मग त्याच वर्षी काळा घोड्याच्या एका दुकानात तिला तेच तळं हँगरवर लटकलेलं दिसलं. ऑर्गंझा, आणि वर हातानं भरलेले गाठीचे टाके.

याला प्रिंट म्हणायचं नाही. कमळंही म्हणायचं नाही. "कमळ पाण्यातून डोकं वर काढतं गं. ही पाण्यावर टेकून असते."

किमतीचंही तसंच आहे. भिशीतल्या बायकांना खरी सांगितली, माझ्या आईला निम्मी, काकांना "सेलमध्ये होता." माणूस जितका जवळचा, तितका आकडा पुसट. पावती माझ्या हाती लागली होती. एवढंच सांगते, तेवढ्यात फ्रिज आणि वॉशिंग मशीन दोन्ही आली असती.

मोनेनं रुआँच्या कॅथेड्रलचा दर्शनी भाग तीसेक वेळा रंगवला, उजेड बदलेल तसा. हे वाचल्यापासून मावशी तो ड्रेस घालून सकाळी सातला, दुपारी बाराला आणि संध्याकाळी साडेपाचला बाल्कनीत उभी राहते. साक्षीला काका, पेपरसकट.

"छान."

"अहो, सकाळी निळा होता, आता गुलाबी दिसतोय!"

"हो ना. छान."

फिटिंगसाठी तो दादरच्या आमच्या नेहमीच्या टेलरमास्तरांकडे गेला. त्यांनी आधी उलटा केला. (कपड्यातला खरा जाणकार उलटी बाजू आधी बघतो.) शिवणीवरून अंगठा फिरवत ते म्हणाले, "काम नीट आहे ताई. पण इथं फूल शिवणीत कापलंय. कापड वाचवलं त्यांनी." मावशीचा चेहरा पडला. मग सावरून तिनं सांगितलं, की मोनेचा मित्र रेनुआर, त्याचे वडील शिंपी होते. मास्तर एकदम खुलले.

"पोरगा धंद्यात नाही आला?"

"नाही. चित्रं काढायला लागला."

"आमचाही तसाच," मास्तर म्हणाले. "ॲनिमेशन."

यंदा मावशीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हा ती शुद्ध आनंदात होती. मोनेचंही झालं होतं, १९२३ मध्ये! आई म्हणाली, "खरेदीच्या आधी करून घ्यायचं होतंस गं."

अखेर मामेबहिणीच्या लग्नात ड्रेस बाहेर पडला. मावशी सगळ्यांपासून लांब, खिडकीच्या उजेडात उभी. पण जेवायला तरी पानावर बसावंच लागतं, आणि अळूची भाजी वाढताना वाढप्याचा हात हलला. भाजी थेट तळ्यात.

घरी आल्यावर ड्रेस पलंगावर पसरला. आम्ही चौघी, चार चष्मे आणि मोबाइलचा टॉर्च. एकेक हिरवा फराटा नखानं खरवडून पाहिला. मोनेचा कुठला आणि आचाऱ्याचा कुठला, काही केल्या कळेना. मावशी रडकुंडीला आली.

काका दारात उभे होते. त्यांनी पेपर खाली केला.

"अगं," ते म्हणाले, "जरा लांबून बघ."